पाणी यायचा दिवस नव्हता

पाडव्याच्या रात्रीची गोष्ट आहे, अजून डोक्यातून जात नाहीये. फराळाची ताटं तशीच पडलेली, चकलीचा डबा उघडा, बाहेर गल्लीत पोरं उरलेसुरले फटाके उडवत होती. मुलगी पुण्याहून आलेली, ती मास कॉम करते, तिला कॉलेजच्या कामासाठी 'दीवार' बघायचा होता. एकटी कशाला बघतेस, सगळेच बघू म्हटलं. मोबाईल टीव्हीला जोडला, आप्पांची खुर्ची नेहमीसारखी टीव्हीपासून चार फुटावर, मागं आम्ही. आप्पांना ऐकू कमी येतं म्हणून आवाज शेजारच्यांना पण पिक्चर कळावा एवढा. आणि पिक्चर सुरू होऊन अजून अमिताभ मोठा पण झाला नव्हता, तेवढ्यात आप्पा उठले. "पाणी आलंय का बघतो" म्हणाले आणि मोरीकडं गेले.

आता सोलापूरच्या माणसाला घरातल्यांचे वाढदिवस लक्षात नसतील, पण पाणी कधी येणार ते पक्कं माहीत असतं. आमच्याकडं आदल्याच दिवशी येऊन गेलेलं. बॅरल भरलेलं, हंडे भरलेले, पिंप, बादल्या, दिवाळी म्हणून बायकोनं पातेली पण भरून ठेवलेली. पुढचं पाणी अजून तीन दिवसांनी. आणि पाण्याचा वार आमच्या घरात सगळ्यात जास्त कुणाच्या लक्षात असेल तर तो आप्पांच्याच. मुलीनं पिक्चर थांबवला, आजोबा येऊ देत म्हणाली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मी उठून बघितलं तर आप्पा मोरीपाशी छोट्या स्टुलावर बसलेले, लाईट न लावता, नळाकडं तोंड करून. मी विचारलं, काय झालं ओ? तर म्हणाले, "तुम्ही बघा की. मी बघितलेलाय."

बघितलेलाय हे खरंच आहे. पंचाहत्तर साली बघितलेलाय, आणि एकदा नाही.

मला पिक्चरमध्ये अर्थ शोधायची खोड आहे, हे आधी कबूल करतो. आमच्या मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी काहीतरी लांबलचक टाकलं की लोक वाचायच्या आधीच हात जोडलेला इमोजी टाकतात. 'दीवार'वर तर मी किती लिहिलंय. तो पूल बघा, ज्याच्या खाली दोन भाऊ लहानपणी झोपायचे, मोठे झाल्यावर एकमेकांसमोर उभे राहायला पण तिथंच येतात. मोठा देवळाच्या पायरीवरच बसतो, आत जात नाही, आणि त्याच्या खिशात बिल्ला मात्र 786 चा. आई म्हणजे देश वगैरे. माझा एक मित्र एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवतो, तो मला नेहमी म्हणतो, "तू काय बघूलालास बे पिक्चरात? आम्ही तिकीट काढतो, तीन तास एसी खातो, घरी येतो." मला राग येतो, पण त्याचं एकदम चूक आहे असंही नाही. अर्थ काढायचा नादच असा असतो की काहीही काढता येतं. मध्ये एकानं मला हातावरून राजकारण समजावलं, पंचाहत्तरच्या पिक्चरमध्ये एवढे हात का दिसतात तर म्हणे काँग्रेसचं चिन्ह. त्याला म्हटलं बाबा, तेव्हा चिन्ह गाय-वासरू होतं. गप बसला. पण हाताचा विषय त्यानं कुठून काढला होता तर माझ्याच एका मेसेजवरून, आणि तो मेसेज मी लिहिला होता आप्पांच्या बोलण्यावरून.

आप्पा मिलमध्ये होते. मिलचं नाव कशाला, ती आता नाही, चिमणी पण नाही. साचेखात्यात होते, म्हणजे जिथं कापड विणायचे माग चालायचे तिथं. ज्यांनी साचेखाता बघितला नाही त्यांना सांगून कळणार नाही, शेकडो साचे एकदम चालायचे, धोटा इकडून तिकडं आपटत राहायचा, आठ तास. आत शेजारच्या माणसाशी बोलायचं म्हणजे हातानं आणि ओठानं. मी लहानपणी एकदा डबा द्यायला गेटपर्यंत गेलो होतो, नुसता दरवाजा उघडला तर छातीत धडधडायला लागलं. पाळी सुटली की हे सगळे बाहेर पडायचे, डोक्यावर, भुवयांवर, मिशांवर कापूस. सोलापूरच्या टॉकीजमध्ये म्हणे दिवे लागले की कोण मिलचा आणि कोण बाहेरचा ते मागच्या रांगेतून कळायचं, केसांवरून. पगाराच्या दिवशी पहिली पाळी करून आप्पा आणि त्यांच्या साच्यावरचे दोघं-तिघं सहाचा शो गाठायचे, सोबतचे निम्मे पद्मशाली, घरी तेलुगू बोलणारे, एक दोघं कानडी, एक उर्दूवाला. हिंदी सगळ्यांनाच तोडकीमोडकी. त्यात कान गेलेले. म्हणजे ज्या पिक्चरचे डायलॉग सगळा देश पाठ म्हणत होता तो पिक्चर आमच्या आप्पांनी अर्धा बहिरा असताना बघितला, सात-आठ वेळा.

मग ते बघत काय होते?

हे मला कळलं फार उशिरा, पाचेक वर्षांपूर्वी. मी असंच काहीतरी ऐकवत होतो, सलीम-जावेदनी लिहिलेले 'दीवार' पण आणि 'शोले' पण एकाच वर्षात आले, केवढी मोठी गोष्ट, संवाद काय, पात्रं काय. आप्पा तंबाखू मळत होते. चुना लावून झाल्यावर तळहाताकडं बघत म्हणाले, "त्या साली दोन्ही पिक्चरात हातावरच आलं बघ सगळं." मला आधी कळलंच नाही. मग ते एकेक सांगायला लागले. ह्यात बापाच्या हातून सही करून घेतात, त्यात ठाकूरचे हातच तोडतात. ह्यात पोराच्या हातावर लिहितात. पोरगं बूट पॉलिश करतं आणि फेकलेला पैसा हातानं उचलत नाही. आई विटा वाहते. पाव चोरणाऱ्या पोराचा हात. बिल्ला हातातून सुटतो. "आपण बायलर नाय, मशीन नाय, आपल्याकडं हाये काय? हात. त्येच घेतले की." एवढं बोलून तंबाखू ओठात ठेवली, आणि संपलं. मी चाट पडलो. पंचवीस वर्षं मी पुलाचा आणि देवळाचा अर्थ लावत होतो आणि हा माणूस, जो सातवीच्या पुढं शिकला नाही, ज्याला संवाद ऐकू आले नाहीत, त्यानं जे दिसत होतं तेवढंच बघितलं होतं. 'शोले'चा मूळ शेवट वेगळा होता, ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी मारून टाकतो, आणीबाणीत सेन्सॉरनं तो बदलायला लावला, हे मी मोठ्या हौसेनं आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "बदलून काय, हात परत आले का त्याचे?"

'सैराट'च्या वेळची पण एक गोष्ट आहे. 2016 चा तो उन्हाळा, आमच्याच जिल्ह्यातला पिक्चर, करमाळ्याकडचे रस्ते, विहिरी, पडद्यावर आपली भाषा. टॉकीजमध्ये पोरं झिंगाटला खुर्च्यांवर चढून नाचत होती, समोर नाणी उडत होती. आणि शेवटी तो आवाज बंद होतो. सगळी टॉकीज बधिर. मला वाटलं आता आप्पांना विचारलं पाहिजे, त्यांना काही फरकच जाणवला नसेल, ते तर सगळाच पिक्चर तसा बघत आले होते. तर ते लहान पोर बाहेर यायला लागलं, लाल पावलं उमटवत, आणि आप्पा बोलले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. त्या शांततेत, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं, "अरे पोराचे पाय धुवा की कोणतरी."

पुढची एक बाई वळून रडत बघायला लागली. मला लाज वाटली, खरं सांगतो. आप्पांचा दंड धरून मी त्यांना गप केलं.

तर पाडव्याच्या रात्री आप्पा उठून गेले तेव्हा मी लगेच अर्थ लावायला बसलो. मुलीला सांगितलं, बघ, आजोबा सहीच्या सीनला उठले, तो युनियनवाला बाप मालकाच्या कागदावर सही करतो ना, तिथं. आणि मग तिला सगळं सांगितलं, जे तिला माहीत नव्हतं. मी पाचवीत होतो तेव्हा मिलमध्ये संप झाला होता. मुंबईच्या 82 च्या गिरणी संपाला तेव्हा काही वर्षं झालेली, तिकडं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं, तरी झाला. बदली कामगारांना, म्हणजे कायमचा माणूस आला नाही की त्याच्या जागी घ्यायचे त्यांना, कायम करा म्हणून. सत्तेचाळीस दिवस चालला, हा आकडा आमच्या घरात पाढ्यासारखा. उधारी बंद, किराणावाला तोंड फिरवायचा, आई विड्या वळायला लागली शेजारच्या बायकांबरोबर, घरभर तंबाखूचा वास, मी शिंकत अभ्यास करायचो. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, सकाळी तेच, रात्री तेच. आणि सत्तेचाळिसाव्या दिवशी आमच्या समोरच्या खोलीतल्या तात्यांनी मॅनेजमेंटच्या कागदावर सही केली. तात्या पुढारी वगैरे नव्हते, पण बोलणी करायला जे पाच जण आत जायचे त्यातले एक होते. काय दबाव आला, काय नाही, कुणाला कळलं नाही. बदलीवाले साठेक जण कायमचे बाहेर राहिले, बाकीच्यांसाठी भोंगा परत वाजला. पैसे खाल्ले, असं सगळे म्हणाले. गेटवर तात्यांना घेराव घातला, त्यांची टोपी उडवली, धक्काबुक्की झाली. त्या गर्दीत आप्पा होते. त्यांनी हात टाकला का नाही हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यानंतर दोन दारं समोरासमोर, मध्ये सहा फुटाची गल्ली, आणि आप्पा तात्यांशी मरेपर्यंत बोलले नाहीत. म्हणजे तात्या मरेपर्यंत. पैसे खाल्ले असते तर त्या खोलीत राहिले असते का, हे एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही, त्यांचं छप्पर आमच्यापेक्षा जास्त गळायचं.

हे सगळं सांगून मी मुलीला म्हटलं, लोकांना वाटतं प्रेक्षक हिरोत स्वतःला बघतो, तुझे आजोबा त्या गर्दीत स्वतःला बघतात, म्हणून उठले. मला माझंच बोलणं आवडलं होतं. ग्रुपवर टाकायचं पण डोक्यात आलं, हे पण कबूल करतो.

मुलगी म्हणाली, "पण बाबा, आजोबा सहीच्या सीनला नाही उठले."

टीव्ही अजून थांबवलेलाच होता. आप्पा उठले त्या क्षणी तिनं थांबवला होता, आणि इतका वेळ तो माझ्या समोर होता, मी बोलत होतो त्याच्या बाजूला. सही कधीच होऊन गेली होती. घेराव पण होऊन गेला होता. आप्पांनी ते सगळं बसून बघितलं होतं. पडद्यावर पोराचा हात होता, आणि त्यावर गोंदत होते.

आता मला जे सांगायचंय ते मी मुलीला त्या रात्री सांगितलं नाही.

त्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळानं रस्त्यावर पडदा लावून 'दीवार' दाखवला होता. संप मिटून महिनाभर झाला असेल. तेव्हा पडद्याच्या समोर जागा मिळाली नाही की पोरं मागच्या बाजूला बसायची, पिक्चर उलटा दिसायचा, सगळे डावरे. आम्ही मागंच होतो, पोत्यावर बसून, पावसाची भुरभुर. हातावरची अक्षरं उलटी दिसत होती म्हणून मोठ्या पोरांना विचारलं काय लिहिलंय बे? त्यांनी वाचून दाखवलं. मेरा बाप चोर है. तात्यांचा पोरगा माझ्याच वर्गात होता, माझ्यापेक्षा हुशार, गणितात पहिला, तो त्या रात्री पिक्चरला आला नव्हता.

सोमवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं आम्ही त्याला गाठलं. चार जण होतो. एकाकडं निळं बॉलपेन होतं. पेन माझ्या हातात नव्हतं, हे मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. मी हात धरला होता. कोपराच्या वर एका हातानं आणि मनगटाला दुसऱ्या हातानं, हलू नये म्हणून, आणि मला अजून आठवतंय त्याचा हात तापलेला होता, तापच होता बहुतेक, आणि बॉलपेन नीट उठत नव्हतं म्हणून लिहिणारा तेच तेच अक्षर परत गिरवत होता, जोर लावून. तो रडला नाही. हिंदीत लिहिलंय म्हणून काना चुकला का ते बघत होता, असं मला वाटलं तेव्हा. हुशार पोरं असली बघतात.

संध्याकाळी त्याची आई त्याला घेऊन आमच्या दारात आली. काही बोलली नाही, त्याची बाही वर केली आणि उभी राहिली. आप्पा नुकतेच पाळीवरून आलेले, डोक्यात कापूस तसाच. त्यांनी हात बघितला, मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता पट्टा निघणार. पट्टा निघाला नाही. त्यांनी पोराला मोरीत नेलं, नळ गेलेला होता, रांजणातनं तांब्यानं पाणी काढलं, लाईफबॉय घेतला आणि त्याचा हात धुतला. बराच वेळ. शाई जाता जात नव्हती, कातडं लाल झालं तरी निळं दिसतच होतं. त्याची आई दारातच. तात्या समोरच्या उंबऱ्यात उभे होते, आत आले नाहीत, आणि आप्पांनी त्यांच्याकडं वर बघितलं नाही. हात पुसून पोराला आईकडं दिलं. मला त्या रात्री कुणी काही बोललं नाही, जेवायला पण वाढलं व्यवस्थित. पट्टा खाल्ला असता तर विसरून गेलो असतो कदाचित.

मी लोकांना पिक्चरमधला अर्थ सांगतो, करमणुकीच्या पलीकडं बघा म्हणतो. त्या पिक्चरमधून मी स्वतः सगळ्यात आधी काय उचललं ते हे. आणि दिग्दर्शकानं तर तो सीन बघणाऱ्याला चीड यावी म्हणूनच घेतला असणार, त्यात शंकाच नाही, आम्हाला पण त्या रात्री पोत्यावर बसून वाईटच वाटलं होतं त्या पोराचं. वाईट वाटून घेऊन आम्ही सोमवारी शाळेत गेलो.

दिवाळी झाली की नोव्हेंबरात आप्पांचा हयातीचा दाखला असतो. हजाराच्या जरा वर पेन्शन येते, पण तेवढ्यासाठी दरवर्षी जिवंत आहे म्हणून अंगठा द्यायला लागतो. चौकात एक छोटं दुकान आहे, झेरॉक्स, आधार, सात-बारा, सगळं तिथंच होतं, आणि ते दुकान तात्यांच्या मुलाचं आहे. काही नवीन नाही यात, आम्ही त्याच्याकडंच जातो कायम, तो मला अरे-तुरे करतो, पोरांची चौकशी करतो, गणितात पहिला येणारा पोरगा दहावीनंतर शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर बसला, मग हे दुकान. आमच्यात त्या गोष्टीचा विषय आजपर्यंत निघालेला नाही. त्याला आठवत नसेल असं मी कितीतरी वर्षं धरून चाललोय.

मुलगी पुण्याला गेल्यावर दोन दिवसांनी आप्पांना घेऊन गेलो. लाईन होती, सगळे मिलचे म्हातारे, निम्म्यांचे कान गेलेले, त्यामुळं दुकानात केवढा गलका. आप्पांचा नंबर आला. त्यानं मशीन पुढं सरकवलं, आप्पांनी अंगठा ठेवला, लाल लाईट. परत ठेवला, परत लाल. आप्पांच्या बोटांवर रेघाच राहिल्या नाहीत, तुटलेल्या दोऱ्याला गाठ मारून मारून शेंडे गुळगुळीत झालेत, उजेडात धरलं तर चकाकतात. दरवर्षीचंच आहे हे. डावा अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट. मशीन ओळखायला तयार नाही.

"लागलं का?" आप्पांनी विचारलं, नेहमीच्या मोठ्या आवाजात.

"नाही अजून. थांबा आप्पा, गडबड नाही," तो म्हणाला, आणि ऐकू गेलं नसणार म्हणून हातानं पण थांबा अशी खूण केली. मग काउंटरखालची बाटली काढली, नॅपकिनचं टोक ओलं केलं, आप्पांचा हात आपल्याकडं ओढून घेतला आणि एकेक बोट पुसायला लागला, मुळापासून शेंड्यापर्यंत, सावकाश. त्याच्या बाह्या दुमडलेल्या होत्या. मी बघितलं, बघायचं नाही म्हणता म्हणता बघितलंच, साधा हात, पांढरे व्हायला लागलेले केस, घड्याळाचा पट्टा. आप्पा पण तिकडंच बघत होते. मागचे म्हातारे ओरडत होते, किती वेळ ओ. त्यानं अंगठा परत मशीनवर दाबून धरला आणि आम्ही तिघं त्या लाईटकडं बघत राहिलो. मी बाजूला, आप्पांची काठी धरून.